पत्रिकेवरचं नागडं लेकरू

लग्नपत्रिका छापणाऱ्या बहुतेक दुकानांत एक चित्र हमखास असतं. गुबगुबीत लेकरू, पाठीला कबुतराएवढे पंख, हातात धनुष्य, बाणाच्या टोकाला बदाम. मी कोरलड्रॉ शिकलो तेव्हा ते क्लिपआर्टच्या सीडीत होतं, मग पेनड्राइव्हमध्ये आलं, आता गिऱ्हाईकच व्हॉट्सॲपवर पाठवतं. आर्वीच्या अलीकडे, सडकेवरच्या एका गावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, तेरवीची कार्डं, आणि निवडणूक आली की हात जोडलेले फोटो. कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे नागपूरहून येतात, मजकूर इथं छापतो. कापसाला भाव असला की पत्रिका जाड होते, वरून मखमली पाकीट चढतं. भाव पडला की एकपानी कार्डावर भागतं. बाजार समितीचे दर न वाचताही मला गावाचा हिशेब कळतो.

मागच्या हंगामात एक काकाजी मुलीची पत्रिका छापायला आले. मी पडद्यावर नमुने दाखवत होतो. पंखवाल्या लेकरापाशी आल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला.

"भाऊ, हे लेकरू कोनाचं व्हय?"

"देव आहे काकाजी. प्रेमाचा. तिकडचा, ग्रीस देशातला."

"असन बापा. पन लग्नाच्या आंधीच पत्रिकेवर नागडं लेकरू दिसलं तं सोयरे का म्हनतीन?"

झेरॉक्ससाठी थांबलेली दोन पोट्टी भिंतीला टेकून हसत सुटली. मी लेकरू काढलं, तिथं कलश बसवला, काम संपलं. पण काकाजींचा पहिला प्रश्न बिनतोड होता. लेकरू कोनाचं? आषाढ लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या धंद्यात माशा मारणं असतं, म्हणून त्या दिवसांत मी त्यामागं लागलो. आणि कळलं की हा प्रश्न खुद्द ग्रीकांनाही सुटलेला नव्हता.

हेसिअड नावाचा एक कवी, इ.स.पू. 700 च्या आसपासचा. बोइओशिया भागातला शेतकरी माणूस. सख्ख्या भावाशी वाटणीवरून भांडण झालेलं, भावानं पुढाऱ्यांना खुश करून जास्तीचं पदरात पाडलेलं. (हे वाचलं आणि कवी एकदम आमच्या तहसीलच्या आवारात उभा दिसला.) तो सांगतो की सगळ्यात आधी होती नुसती पोकळी. मग पृथ्वी झाली, खालचं पाताळ झालं आणि त्यांच्या पाठोपाठ इरॉस, म्हणजे आपला हा प्रेमाचा देव. आई नाही, बाप नाही. त्याचं वर्णन काय, तर गात्रं ढिली करणारा, देवांच्या आणि माणसांच्या छातीतली अक्कल ताब्यात घेणारा. झ्यूस वगैरे मोठे देव अजून जन्मालाही आले नव्हते. प्रेमाची देवी अफ्रोदितीसुद्धा त्याच्या मागाहून आली. तिचा जन्म तर अंगावर काटा आणणारा आहे. क्रोनॉसनं विळ्यानं बापाचं, म्हणजे आकाशदेवाचं, लिंग कापलं आणि समुद्रात फेकलं. त्याभोवती फेस जमला, त्या फेसातून ही देवी वाढली. लाटांवरून सिथेरा बेटाजवळून गेली आणि सायप्रसला किनाऱ्यावर उतरली. पाय पडेल तिथं गवत उगवलं. इरॉस आणि ओढीचा देव हिमेरॉस तिच्या मागं चालू लागले. म्हणजे या हिशेबानं ते तिचे सोबती, पोरं नव्हेत.

होमर या दुसऱ्या जुन्या कवीकडे गेलं तर वेगळंच. तिथं अफ्रोदिती झ्यूसची आणि डायोनीची मुलगी, कापाकापी काही नाही. तिचं लग्न लंगड्या लोहार देवाशी, हेफेस्टसशी, आणि मन युद्धदेव एरीसवर. नवऱ्यानं पलंगाभोवती कोळ्याच्या जाळ्याइतकं बारीक लोखंडी जाळं पसरलं, दोघांना त्यात धरलं आणि सगळ्या देवांना बघायला बोलावलं. देव पोट धरून हसले. देव्या मात्र लाजेनं घरीच थांबल्या. पुढच्या काही कवींनी इरॉसला या एरीसचा आणि अफ्रोदितीचा मुलगा केलं, आणि ते नातं मग चिकटलं.

मला पटलेली वंशावळ मात्र प्लेटोनं लिहिलेली आहे, डायोटिमा नावाच्या बाईच्या तोंडून. अफ्रोदितीच्या जन्माची पंगत होती. पोरॉस, म्हणजे हिकमती देव, अमृत जास्त झाल्यामुळं झ्यूसच्या बागेत जाऊन पडला. दाराशी पेनिया उभी होती, गरिबी, पंगतीचं उरलंसुरलं मागायला आलेली. तिनं विचार केला की आपल्या घरी काहीच नाही, निदान या हिकमतीचं एक लेकरू तरी पदरी असावं, आणि ती त्याच्याजवळ जाऊन झोपली. त्यातून इरॉस झाला. म्हणून तो अनवाणी, खरबरीत अंगाचा, बेघर, लोकांच्या उंबऱ्यावर आणि रस्त्यावर उघड्यात झोपणारा. पण बापाकडून शिकाऱ्याची नजर आणि शंभर युक्त्या आलेल्या. मिळवतो ते हातातून गळत जातं, त्यामुळं ना पुरता कंगाल, ना पुरता श्रीमंत. ज्यानं प्रेम करणारा माणूस जवळून पाहिला आहे त्याला हे वर्णन मखमली पाकिटापेक्षा नक्की पटेल.

आता या देवाची मूर्ती कशी असेल? हेसिअडच्याच मुलखात थेस्पिया नावाचं गाव होतं. तिथल्या लोकांचा मुख्य देवच इरॉस. पॉसेनियस नावाचा एक प्रवासी दुसऱ्या शतकात गावोगाव हिंडला आणि दिसेल त्या देवळाची नोंद करत गेला. तो लिहितो की थेस्पियाची सगळ्यात जुनी इरॉसची मूर्ती म्हणजे न घडवलेला दगड. तोंड नाही, हात नाही, पंख तर नाहीतच. मी हे वाचून मोबाइल खाली ठेवला. आमच्या शिवेवर कडुनिंबाखाली शेंदूर फासलेला असाच एक धोंडा आहे, आणि गावात टाइल्स लावलेलं मारोतीचं देऊळ झालं तरी बाया नारळ फोडायला आधी धोंड्याकडेच जातात.

थेस्पियालाही पुढं देखणी मूर्ती मिळाली. प्रॅक्सिटेलीस हा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला शिल्पकार, इ.स.पू. चौथ्या शतकातला. त्यानं फ्राइनी नावाच्या प्रेयसीला सांगितलं की माझं सगळ्यात चांगलं काम तू घे. कोणतं चांगलं ते मात्र सांगेना. तिनं नोकराकरवी निरोप धाडला की तुमच्या कारखान्याला आग लागली, बरंच काम गेलं. हा दाराकडे धावत ओरडला, माझा सॅटर (अर्धा माणूस, अर्धं जनावर असलेला रानदेव) आणि माझा इरॉस जळाला असेल तर माझं सगळं गेलं! बाई म्हणाली, बसा, काही जळलेलं नाही, मला कळायचं ते कळलं. तिनं इरॉस घेतला आणि तो थेस्पियाला अर्पण झाला. ही मूर्ती बघायलाच लोक त्या गावी जात. रोमन बादशहा कॅलिगुलानं ती उचलून नेली, क्लॉडियसनं परत केली, नीरोनं पुन्हा नेली, आणि शेवटी रोममध्येच आगीत गेली. पॉसेनियस आला तो यानंतर. धोंडा जागेवर होता.

मग लेकरू कधी झालं? हळूहळू झालं. इ.स.पू. सहाव्या शतकातला कवी अनॅक्रिऑन म्हणतो, इरॉसनं मला लोहारासारखा मोठ्या कुऱ्हाडीनं घाव घातला आणि थंडीतल्या ओढ्यात बुडवलं. हे कुऱ्हाडवालं रूप पत्रिकेवर छापून बघा. जुन्या मडक्यांवर इरॉस दिसतो तो अंगानं भरलेला, मिसरूड फुटण्याच्या वयाचा पंखवाला पोरगा. युरिपिडीसच्या नाटकात त्याच्या हाती धनुष्य आहे. आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात ऱ्होड्सच्या अपोलोनियसनं त्याला थेट वात्रट पोरगं करून टाकलं. ती गोष्ट मला इतकी आवडली की सांगितल्याशिवाय पुढं जात नाही.

जेसन सोनेरी लोकर आणायला दूर देशी गेला. तिथल्या राजाच्या मुलीनं, मीडियानं, मदत केली तरच काम होणार. म्हणून हेरा आणि अथेना या देवी अफ्रोदितीच्या घरी आल्या, म्हणाल्या, तुझ्या पोराला सांग एक बाण मारायला. देवी म्हणते, माझं कुठं ऐकतो तो, उलट मलाच धमकावतो. शेवटी ती त्याला शोधायला झ्यूसच्या बागेत जाते. हा तिथं गॅनिमिडशी सोन्याच्या हाडकांचा डाव खेळत बसलेला. सगळी हाडकं जिंकून मूठ छातीशी धरलेली, गालावर लाली, आणि समोरचं पोरगं हरून रडवेलं. आई म्हणते, पुन्हा लबाडी केली ना? मग लालूच दाखवते. झ्यूस तान्हा होता तेव्हाचा चेंडू देईन, सोन्याच्या कड्यांचा, वर फेकला की ताऱ्यासारखी रेघ ओढणारा. पोरगं हाडकं टाकून तिच्या पदराला लोंबकळतं, आत्ताच दे, आत्ताच. ती म्हणते, आधी काम. तेव्हा तो आपली हाडकं उचलतो, नीट मोजतो आणि आईच्या ओटीत टाकतो. मग भाता खांद्याला लावून निघतो. एका चेंडूसाठी मारलेल्या त्या बाणानं मीडियाचं घर, बाप, भाऊ सगळं गेलं. हाडकं मोजण्याची ती ओळ ज्यानं लिहिली त्याच्या घरी नक्की लहान पोरं असतील.

त्यानंतर रोमन लोकांनी या पोराला आपलंसं केलं, युरोपच्या चित्रकारांनी त्याला आणखी लोणी खाऊ घातलं, आणि सीडीत तो असा आला.

आपला मदन असा लाडावलेला कधी नव्हता. उसाचं धनुष्य, भुंग्यांची दोरी, फुलांचे पाच बाण, पोपटाचं वाहन, घरी रती. संसारी गडी. शंकरानं जाळला म्हणून अंग गेलं. पण तोही एकदा लेकरू झालाच, आणि ते कोनाचं हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. जळालेला मदन पुन्हा जन्मला तो प्रद्युम्न म्हणून, कृष्णाच्या घरी, रुक्मिणीच्या पोटी. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या, आणि परंपरा सांगते ते तिचं कुंडिनपूर म्हणजे आमच्या नदीपलीकडचं कौंडण्यपूर. कार्तिकात आम्ही जत्रेला जातो तेच. रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते तीही तिथूनच. म्हणजे कामदेवाचं आजोळ वर्धा नदीच्या काठी आहे. हे मी त्या काकाजींना तेव्हा सांगू शकलो असतो तर कदाचित लेकरू पत्रिकेवर राहिलंही असतं, फक्त अंगडं-टोपडं घालून.

घरी हे सगळं सांगितलं की बायको ऐकते, पण हात थांबत नाहीत. इरॉस मोठा होऊन सायकी नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो ती गोष्ट अपुलियस या लॅटिन लेखकानं दुसऱ्या शतकात लिहिली आहे. सांगत होतो तेव्हा ती सूप घेऊन तूर पाखडत होती. मी म्हटलं, अफ्रोदितीला ही सून पसंत नाही, म्हणून ती गहू, जव, बाजरीसारखं बारीक धान्य, खसखस, हरभरा, मसूर आणि वाल एकात कालवून ढीग करते, म्हणते रात्रीपर्यंत वेगवेगळं कर. बायको म्हणाली, "सासू व्हय म्हना नं मंग. देवी कायले म्हनता?" मुंग्या येऊन सगळं निवडून देतात, हे तिला खरं वाटलं नाही. पुढचं काम मात्र पटलं. रागीट मेंढ्यांची सोन्याची लोकर आणायची. नदीकाठचा बोरू सायकीला सांगतो की ऊन आहे तोवर जाऊ नको, ऊन उतरलं की मेंढ्या निवतात, मग झुडपांना अडकलेली लोकर गोळा कर. आमच्या वावरात धनगर मेंढ्या बसवतात तेव्हा बोरीच्या काट्यांना अशीच लोकर लोंबते. "बराबर सांगतलं त्यानं," ती म्हणाली, "उन्हात मेंढ्याईच्या आंगावर कोन जाते?"

एवढं वाचून एक गोष्ट मनात बसली. आपण एकट्या लेकराच्या हातात सगळा कारभार दिला, ग्रीकांनी दिला नव्हता. त्यांनी कामं वाटून दिली होती. मेगारा गावी अफ्रोदितीच्या देवळात स्कोपास या शिल्पकारानं केलेल्या तीन मूर्ती पॉसेनियसनं पाहिल्या. इरॉस, हिमेरॉस आणि पोथॉस. हिमेरॉस समोर दिसणाऱ्यासाठी पेटणारा. पोथॉस दूर असलेल्यासाठी झुरणारा. रामटेकावर बसलेला कालिदासाचा यक्ष या पोथॉसच्या ताब्यात होता असं म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे आता त्याचा मुक्काम साक्षगंध आणि लग्न यांच्या मधल्या महिन्यांत असतो. पोरगा चाकणला कंपनीत, पोरगी इकडे, आणि रात्री गच्चीवर फोन. माझ्या शेजारच्या रिचार्जवाल्याचा धंदा त्याच्यावर चालतो. आई-बापही ओरडत नाहीत, कारण कुंकू लागलेलं असतं.

अँटेरॉस हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इरॉसचा भाऊ, उलट येणाऱ्या प्रेमाचा देव. चौथ्या शतकातला थेमिस्टियस नावाचा वक्ता गोष्ट सांगतो की इरॉस जन्मला तो वाढेचना. अफ्रोदिती काळजीत पडली, थेमिस देवीकडे गेली. ती म्हणाली, याला भाऊ हवा. अँटेरॉस झाला. तो जवळ असला की इरॉस वाढायचा, पंख पसरायचा. तो दूर गेला की पुन्हा बारका व्हायचा. हे वाचल्यावर मला आमचं क्लिपआर्ट एकदम उलगडलं. लेकरू लेकरूच राहिलंय, कारण चित्रात भाऊ नाही.

हा अँटेरॉस दिसायला गोड असला तरी अपमान विसरत नाही. अथेन्समध्ये त्याची वेदी होती, तिची कथा अशी. टिमागोरस नावाचा परदेशी माणूस मेलीस नावाच्या अथेन्सच्या तरुणावर जीव टाकायचा. मेलीसनं हिणवून सांगितलं, एवढं प्रेम असेल तर कड्याच्या टोकावर चढ आणि उडी मार. त्यानं मारली. मेलेला पाहून मेलीसला असा पश्चात्ताप झाला की त्यानंही त्याच कड्यावरून स्वतःला झोकून दिलं. तेव्हापासून परदेशी लोक अँटेरॉसला टिमागोरसचा सूड घेणारा म्हणून पुजू लागले. लंडनच्या पिकॅडिलीत 1893 साली उभा केलेला ॲल्युमिनियमचा पंखवाला पोरगा सगळं जग इरॉस म्हणून ओळखतं. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्टनं घडवला होता अँटेरॉस. त्याच्याही नशिबी भावाचंच नाव आलं.

एका फेब्रुवारीत एक पोट्टा दुकानात आला. मोबाइलमध्ये मुलीचा फोटो, कॉलेजच्या गॅदरिंगमधला, दुरून काढलेला. एस.टी. स्टँडसमोर लावायचा मोठा फ्लेक्स पाहिजे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधोमध तिचा फोटो, कोपऱ्यात बाण मारणारं लेकरू, खाली त्याचं नाव आणि नावापुढं 'किंग'.

"तिले माईत हाय का?"

"सरप्राइज हाय भाऊ."

"तुयासंग बोलते का थे?"

"बोलत नाई. पन मनात हाय तिच्या."

"मनातलं तुले कोनं सांगतलं बे?"

तो गप्प. मग आवाज चढवून, "तुमाले पैशाशी मतलब, इतल्या चौकश्या कायले पायजे?" मी फोटो डिलीट कर म्हटलं आणि फ्लेक्स छापत नाही म्हटलं. तो दाण्णकन स्टूल सरकवून गेला. वर्ध्याला जाऊन छापतो म्हणाला होता, पण कुठं लागलेला दिसला नाही. पेपरात आतल्या पानावर 'एकतर्फी प्रेमातून' असं मथळ्यात आलं की पुढचं वाचायची मला हिंमत होत नाही. त्या मथळ्यातला देव गुबगुबीत नसतो, अनॅक्रिऑनच्या कुऱ्हाडीवाला असतो.

आणि आता जिचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही ती, पेइथो. समजूत घालणारी, मन वळवणारी. होमरमध्ये हेरा झ्यूसला भुलवण्यासाठी अफ्रोदितीचा नक्षीचा पट्टा उसना घेते. त्या पट्ट्यात प्रेम आहे, ओढ आहे, कुजबुज आहे, आणि शहाण्यांचीही अक्कल चोरणारं गोड बोलणं आहे. ते बोलणं म्हणजेच पुढं पेइथोचं खातं झालं. प्लुटार्क हा ग्रीक लेखक लिहितो की नवरा-नवरीला पाच देवांची गरज असते, आणि त्यात झ्यूस, हेरा, अफ्रोदिती, आर्टेमिसबरोबर ही आहे. इरॉस त्या पाचात नाही! अथेन्समध्ये थिसिअस राजानं विखुरलेली गावं एका नगरात आणली तेव्हा अफ्रोदिती पांडेमॉस (म्हणजे सगळ्या लोकांची अफ्रोदिती) आणि पेइथो यांची पूजा सुरू केली असं सांगतात. म्हणजे लग्न जमवणारी आणि सभा जमवणारी देवी एकच.

हे मला अजिबात परकं वाटलं नाही. आमच्याकडे एक मामाजी आहेत, चार-पाच गावांतल्या सोयरिकी त्यांच्या खिशातल्या डायरीत असतात. कुणाची जमीन ओलिताची, कुणाची कोरडवाहू, कुणाचा पोरगा कंत्राटी आणि कुणाचा पर्मनंट. बैठकीत ते आधी पाण्यापावसावर बोलतात, मग बोंडअळीवर, चहा झाल्यावर विषयाला हात घालतात. एका साक्षगंधात मानपानावरून दोन्हीकडचे उठून चपला घालू लागले होते. मामाजी एकेकाला गोठ्यामागं घेऊन गेले. दोन खेपांनी परत आले ते हसत. आत काय बोलले कोण जाणे, पण त्यानंतर ताटं वाढली गेली. ग्रामपंचायतीचं पॅनल बसवायलाही त्यांनाच बोलावतात.

मी त्यांना एकदा विचारलं, "मामाजी, सगळ्याईची समजूत काढता. पोरीले इचारता का?"

"इचारतो नं. काई बोलली नाई, म्हनजे हो."

इथं मात्र माझं आणि मामाजींचं जमत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये इ.स.पू. पाचव्या शतकाच्या शेवटाकडचं एक पाण्याचं मोठं भांडं आहे, मिडियस या कुंभाराच्या सहीचं. त्यावर कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ ल्युसिपसच्या मुलींना रथात घालून पळवून नेताहेत. अफ्रोदिती वेदीपाशी शांत बसली आहे. आणि पेइथो, नाव लिहिलेलं आहे म्हणून ओळखू येते, ती तिथून पळ काढते आहे. जिथं विचारणं संपलं तिथं तिचं काम संपलं. मडकं रंगवणाऱ्या माणसाला हे कळलं होतं.

कौंडण्यपूरचाही रथच आहे, पण तो आधी चिठ्ठी पाठवून बोलावलेला. भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवून मोकळा झाला होता. रुक्मिणीनं निरोप पाठवला की मी तुला वरलं आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला नगराबाहेर येईन, तिथून मला घेऊन जा. दिवस तिचा, जागा तिची, युक्ती तिची. पेइथो तिथं असती तर पळाली नसती, बहुधा चिठ्ठी घेऊन तीच गेली असती.

आमच्याकडे मुलीचं लग्न लवकर जमावं म्हणून तिला एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराची पोथी वाचायला बसवतात. एका पाटलांकडे कामाला गेलो होतो, तेव्हा आतल्या खोलीत त्यांच्या मुलीची पोथी चालू होती. मी बोलून गेलो, "पाटील, या पोथीतली पोरगी भावानं ठरवलेलं लग्न मोडून निघून जाते, ध्यानात आहे ना?"

पाटील सुपारी कातरत होते. "थो देव व्हता. आपल्या गावात कोन्ता देव येऊन राह्यला रथ घेऊन?" मग जरा वाकून हळू आवाजात, "जमलं तं पत्रिका तुयाच दुकानात छापतो. पन थे चिठ्ठीबिठ्ठीचं पोरीपुढं बोलू नको."

"पाटील," मी म्हटलं, "थे रोज तेच वाचून राह्यली नं."